मास्तर झाडं बघायला येत

माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, कोड फुटलं तेव्हा ती तेरा-चौदा वर्षांची होती. आधी ओठाच्या कडेला पांढरा ठिपका आला, मग बोटांवर, मग हळूहळू कोपरापर्यंत. आईनं बावचीचा लेप लावला, शनिवार धरले, कुणा वैदूचं तेल आणून चोळलं. त्या तेलानं कातडी भाजली, बाकी काही झालं नाही. दोन-चार वर्षांत सगळ्यांना कळून चुकलं की हे काही जायचं नाही, आणि घरात तिच्या लग्नाचं बोलणं आपोआप बंद झालं.

आम्ही नगरात कापडबाजाराच्या मागच्या बोळात राहायचो. खाली वडिलांचं, म्हणजे आबांचं, शिंप्याचं दुकान, वर दोन खोल्या आणि त्यांच्यावर मातीचं माळवद. जर्मनीशी लढाई चालू होती. भिंगारच्या छावणीत गोऱ्या सोल्जरांची गर्दी होती आणि आबांना कामातून मान वर करायला फुरसत नव्हती. अक्का काज-बटणं फार सुबक करायची, पण तिला दुकानात बसवत नसत. गिऱ्हाईक तिच्या बोटांकडं बघायचं आणि मग कापडाकडं बघायचं. म्हणून कपडे वर यायचे आणि काज होऊन खाली जायचे.

झाडांचा नाद तिला लागला तो एका पानामुळं. आबांना मूतखड्याचा त्रास होता, त्यावर कुणीतरी पानफुटीची पानं दिली होती. त्यातलं एक खिडकीच्या कोनाड्यात राहून गेलं. काही दिवसांनी अक्का मला हाताला धरून तिथं घेऊन गेली. पान सुकत चाललं होतं, पण त्याच्या कडेच्या प्रत्येक खाचेतून इवलंसं रोप बाहेर आलं होतं. पांढऱ्या मुळ्या हवेत लोंबत होत्या.

"हिला मातीसुद्धा लागत न्हाई गं," ती म्हणाली.

मग आबा छावणीतून तिच्यासाठी तुकडे आणू लागले. मापं घ्यायला ते साहेबांच्या बंगल्यांवर जात, तिथं व्हरांड्यात कुंड्यांच्या रांगा असत. जाड पानांची, काट्यांची, लव असलेली विलायती झाडं. माळ्याला दोन विड्या दिल्या की तो एखादी फांदी, एखादं पान काढून द्यायचा. आबा ते खिशात टेपच्या गुंडाळीबरोबर घेऊन यायचे. मुलीवरच्या मायेनं आणतात असं मला वाटायचं. मायाही असेल. पण ती माळवदावर रमली की खाली लोकांच्या नजरेला पडत नाही, ही सोयही होती. मला हे फार उशिरा उमगलं. अक्काला पहिल्यापासून माहीत असावं.

सुरुवातीचे सगळे तुकडे सडले. आणले की ती लगेच ओल्या मातीत खोचायची आणि वर तांब्याभर पाणी घालायची. आठवडाभरात बुंधा काळा पडून लगदा व्हायचा. एकदा एक जाडजूड फांदी दाराआड पडून राहिली. ती सापडली तेव्हा कापलेली जागा वाळून घट्ट झाली होती, वर पापुद्रा धरला होता, आणि त्या पापुद्र्याच्या कडेनं केसासारख्या मुळ्या फुटल्या होत्या. तेव्हापासून तिचा नेम ठरला. तुकडा आला की चिरेवर राख लावायची, सावलीत तसाच सुकू द्यायचा, आणि मग कोरड्या वाळूत नुसता टेकवायचा. मूळ धरेपर्यंत पाणी नाही. कुंड्या विकत कोण घेणार? रॉकेलचे डबे, फुटकी मडकी, कपबशीतले कान तुटलेले कप. बघता बघता माळवदाची एक बाजू भरून गेली. मुंज्याच्या शेंडीसारखी, दगडासारखी, गुलाबाच्या फुलासारखी, कुठली कुठली झाडं. नावं आम्हाला माहीत नव्हती. तिनं आपली ठेवली होती: केसाळ, बुटकी, मेणचट, सासूची जीभ.

मास्तर आमच्या जातीतलेच. शाळेत सायन्स शिकवायचे. कोटाला अस्तर लावायला आले असताना आबा झाडांविषयी बोलून गेले, आणि मास्तर म्हणाले, "बघायला मिळतील का?" आईनं मला अक्काच्या सोबतीला वर पाठवलं. मी पायरीवर बसले, हातात उसवलेला सदरा घेऊन.

मास्तर झाडांपाशी उकिडवे बसले आणि एकेक डबा फिरवून बघू लागले. मग म्हणाले, "हे सगळं तुम्ही तुकड्यांपासून केलंत?"

"व्हय."

"कुणी शिकवलं?"

"सडलेल्यांनी," अक्का म्हणाली.

ते हसले. पुढच्या खेपेला येताना त्यांनी कागदाची पुडी आणली. पुण्याच्या एका मित्राकडून त्यांनी निवडुंगाचं विलायती बी मिळवलं होतं. पुडी उघडली तर आत तपकिरी धूळ असावी तसं काहीतरी.

"मोहरीहून बारीक आहे. फुंकर मारू नका," मास्तर म्हणाले.

"मी कशाला मारू? तुमीच मागं सरा. तुमचा श्वास लागतोय त्याला."

मला हसू आवरेना. मास्तरही हसले आणि खरोखरच मागं सरले.

त्या बियांसाठी अक्कानं केलेला खटाटोप मी विसरलेले नाही. सीना नदीची वाळू आणून चाळली, त्यात विटेची भुकटी मिसळली, वरून उकळतं पाणी ओतलं, म्हणजे बुरशी मरेल. माती गार झाल्यावर बी वाळूच्या चिमटीत कालवून वर भुरभुरलं, पण मातीनं झाकलं नाही. कुंडी पाण्याच्या परातीत ठेवली, म्हणजे ती खालून हवं तेवढं पाणी पिईल. वर झाकायला काच हवी होती. ती तिनं देवाच्या तसबिरीची काढली. आईनं आकांत केला.

"देव काय थंडीनं मरत न्हाई," अक्का म्हणाली.

बी उगवलं. टाचणीच्या माथ्याएवढे हिरवे गोळे, भिंगातून बघितलं तर प्रत्येकावर दोन-दोन काटे. भिंग मास्तरांचं होतं. त्यानंतर ते वरचेवर यायला लागले. भिंग दोघांच्या हातातून फिरायचं. काच कधी सरकवायची, किती ऊन दाखवायचं, यावर दोघांची हुज्जत चालायची आणि बहुतेक वेळा अक्काचं खरं व्हायचं. तिच्यात फरक पडला होता. दुपारी केस विंचरून बसायची. काज करताना गुणगुणायची. आणि आई, जिनं कित्येक वर्षं तिच्या लग्नाचा विषय काढला नव्हता, ती रेशनच्या साखरेतली थोडी मास्तरांच्या चहासाठी बाजूला ठेवायला लागली.

एकदा मास्तरांनी विचारलं, "दुखतं का?"

"काय?"

"हे. हाताचं."

"न्हाई. उन्हात चुरचुरतं जरा."

"मला त्याचं काही वाटत नाही," मास्तर म्हणाले. "शास्त्रात तो रोगच नाही तसा. नुसता रंग जातो."

अक्काचा हात वाळूत होता. तिनं तो तसाच ठेवला. मान वर केली नाही, पण तिचे कान लाल झालेले मला दिसले. मास्तर हे बोलले तेव्हा मी तीन हातांवर बसले होते. माझ्या कानांनी ऐकलंय. आणि ते बोलणाऱ्या माणसाबरोबर मी पुढं सगळा जन्म काढला.

पाऊसकाळ संपल्यावर मास्तरांची आई पारनेरहून मुलगी बघायला येणार असा निरोप आला. आबांनी स्वतः अक्काचं पोलकं शिवलं. मनगटापर्यंत लांब बाह्या, मनगटाला चुणी, वर हुका. नगरात तेव्हा असलं पोलकं कुणी घालत नव्हतं. अक्कानं ते अंगावर चढवलं, आरशात बघितलं. पाहुणे येऊन बसले. आईनं तिच्या हातात पोह्यांचं ताट दिलं. ते तिनं खाली ठेवलं, दोन्ही हुका काढल्या, बाह्या कोपराच्या वर दुमडल्या, आणि मग ताट उचलून बाहेर गेली.

मी दाराच्या फटीतून बघत होते. तिनं बशी पुढं केली. मास्तरांच्या आईनं बशीकडं बघितलं, हाताकडं बघितलं, आणि आपले दोन्ही हात पदराखाली घेतले.

"ठेव खाली," ती म्हणाली.

मास्तरांनी आपली बशी घेतली. घेतली, पण एक घासही खाल्ला नाही. पोह्यांवरच्या खोबऱ्याकडं बघत बसले.

"आमी समजलो, असंल एखादा डाग," त्यांची आई आबांना म्हणाली. "पोरगं काय सांगतंय धड? हे तर लई पसरलंय." मग तिची नजर दाराकडं गेली. "ती आतली धाकटी का? शाळा शिकली का?"

"सातवी झालीय," आबा म्हणाले.

"तिला ये म्हणा की जरा म्होरं."

आबांनी मला हाक मारली. मी गेले नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली. तेव्हा अक्काच मागं वळली, आत आली, माझ्या डोक्यावर पदर नीट केला आणि मला दंडाला धरून बाहेर उभं केलं. स्वतः ती माळवदाच्या जिन्यानं वर निघून गेली. मास्तरांनी मान वर केली नाही. "आई, आपलं असं ठरलं नव्हतं," एवढे शब्द जरी त्यांच्या तोंडून निघाले असते, तरी मी त्यांना सगळं माफ केलं असतं.

संध्याकाळी आबा म्हणाले, "एक तरी उजवली जातीय. देव पावला."

मी म्हणाले, "मी न्हाई करणार. अक्कासाठी आलं होतं ते."

आबांनी हातातली कात्री आपटली. आई मात्र शांतपणे बोलली, आणि तिचं बोलणं जास्त लागलं. "तू न्हाई म्हनलीस, तर तो तिला करनार हाय का? मग? घरात कोडाची पोर हाय म्हनून तुलाही कोन इचारनार न्हाई. हे दार पुन्हा वाजायचं न्हाई."

मी वर गेले. अक्का काचेखालची रोपं बघत होती.

"कर," मी काही बोलायच्या आत ती म्हणाली. "न्हाईतर दोघी काज करत बसू."

"तुला काहीच वाटत न्हाई?"

"काय वाटतंय ते तुला सांगून काय हुईल? जा खाली. मला काम हाय."

लग्न ठरलं. मानपानाचं बोलणं झालं, आणि सगळे उठता उठता मास्तर आबांना हळूच म्हणाले, "ती झाडं... आता इथं तशी कुणाला गरज नाही. तिकडं नेली तर नीट राहतील. काही तर मी आणलेल्या बियांचीच आहेत."

आबांनी अक्काला विचारलंसुद्धा नाही. "न्या की. घरचीच हायती," म्हणाले.

तिला मागाहून कळलं. लग्नाच्या आदल्या दिवशी तिनं गवत आणलं, एकेक डबा गवतात बसवला, काटेरी झाडांना चिंध्या गुंडाळल्या. गाडीवान घाईत होता, चढवताना पानं तुटून बोळात पडत होती. सगळं चढवून झाल्यावर तिनं मास्तरांना, म्हणजे त्या वेळी जवळजवळ माझ्या नवऱ्याला, सांगितलं, "पावसात उघड्यावर ठेवू नका." एवढंच. लग्नानंतर ती त्यांच्याशी कधीही बोलली नाही.

आमचं बिऱ्हाड नगरातच दुसऱ्या पेठेत होतं. मास्तरांनी अंगणात फळ्यांची मांडणी केली. शाळेतले मास्तर लोक, एकदा तर तपासणीला आलेले साहेब, झाडं बघायला यायचे. मी आत चहा करायची आणि यांचा आवाज ऐकायची. "हे बियांपासून केलंय. फार अवघड असतं. माती निर्जंतुक करावी लागते. खालून पाणी द्यावं लागतं." साहेबांनी विचारलं, "हे तुम्ही स्वतः केलंत?" आणि हे म्हणाले, "हो, हळूहळू जमलं."

साहेब गेल्यावर मी म्हणाले, "अक्काचं नाव घेतलं असतं तर जीभ झडली असती?"

"कुठल्या अक्काचं नाव सांगू?" ते चिडून म्हणाले. "मग ते विचारणार, कोण, कुठं असतात, लग्न कुठं झालंय? काय सांगू?"

मी साहेबांच्या कपबशा उचलून आत नेल्या.

पुढं त्यांची बदली अकोले तालुक्यात, डोंगरातल्या एका शाळेवर झाली. नगरचंच म्हणायचं, पण तिथला पाऊस म्हणजे पाऊस. महिना महिना सूर्य दिसायचा नाही, भिंतींना बुरशी यायची, मीठ वितळायचं. झाडं ओसरीत आणली तरी हवेतच पाणी होतं. एकेक करून ती बुंध्याशी मऊ झाली. बोट लावलं की आत जायचं. बियांपासून वाढलेली तर सगळ्यांत आधी गेली. मास्तर रोज सकाळी एकेक डबा उचलून मागच्या ओढ्यात रिकामा करून यायचे. शेवटी म्हणाले, "तुझ्या बहिणीनं मुळातच कच्ची दिली होती."

मला तेव्हा दिवस गेले होते. बाळंतपणाला माहेरी निघताना ते म्हणाले, "तिकडं तिनं पुन्हा केली असतीलच. येताना फांद्या घेऊन ये. सुकवून आण."

मलाही वाटत होतं की केली असतील. बोळात तेव्हा पडलेली पानं माझ्या डोळ्यांसमोर होती. एका पानावर झाड करणारी बाई ती. माहेरी पोचल्यावर पाणीही न पिता मी जिना चढले. माळवद मोकळं होतं. एका कोपऱ्यात आईच्या मिरच्या वाळत होत्या. रॉकेलच्या डब्यांचे गोल डाग मातीत तेवढे उठून दिसत होते.

अक्का मागून आली.

"काहीच लावलं न्हाईस?" मी विचारलं.

"न्हाई."

"का गं? इतकी पानं पडली होती बोळात."

"झाडून टाकली." मग ती माझ्याकडं बघून म्हणाली, "का? पुन्हा कुणी बघायला यायचं होतं का? आता तर दाखवायला घरात धाकटीबी न्हाई."

मी रडायला लागले. तिनं मला रडू दिलं. जवळ घेतलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "खाली चल. पोटुशीनं उन्हात उभं राहू नये."

मला मुलगी झाली. बाळंतपणात अक्कानं माझं सगळं केलं, शेक-शेगडी, बाळाची अंघोळ, सगळं. पण सासूबाई बारशाला आल्या त्या दिवशी ती सकाळीच कुठंतरी निघून गेली आणि दिवेलागणीला परत आली. सासूबाईंनी विचारलं, "बाळाला न्हाऊ कोण घालतं?" आई म्हणाली, "मीच की." माझ्या देखत.

देश स्वतंत्र झाला, गोरे लोक छावणी सोडून गेले, आबांचं काम निम्म्यावर आलं. त्या सुमारास मिशनच्या दवाखान्यातली एक नर्सबाई कपडे शिवायला दुकानात येत असे. तिच्या ओळखीनं अक्का तिथं कामाला लागली. आईनं धर्म बुडाला म्हणून जेवण सोडलं. आबा म्हणाले, "त्या दारातून गेलीस तर परत येऊ नकोस." ती गेली, आणि खरंच परत आली नाही. आधी तिला बाळंतिणींच्या खोलीत दिलं होतं, पण तिच्या हातचं पाणी कुणी घेईना. हिला महारोग आहे म्हणून बायका ओरडायच्या. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, तरी ओरडायच्या. मग तिला खऱ्याच महारोग्यांच्या वॉर्डात पाठवलं. तिथं कुणाची तक्रार नव्हती.

मी एकदाच तिला भेटायला गेले. मुलगी तेव्हा दुडुदुडु चालत होती. अक्का वॉर्डाबाहेरच्या बाकावर येऊन बसली. पांढरं लुगडं, आखूड बाह्यांचं पोलकं. डाग आता गळ्यापर्यंत चढले होते. पट्ट्या कशा बांधतात, कुणाची बोटं कशी झडतात, हे ती मला सांगत बसली, अगदी बारकाईनं. मास्तरांविषयी एक शब्द विचारला नाही. मुलगी आपणहून तिच्या मांडीवर चढली आणि तिच्या हातावरचे डाग बोटानं मोजल्यासारखी शिवू लागली.

"दिवाळीला घरी ये ना," मी म्हणाले.

"कुणाच्या घरी?"

मी मुलीचं झबलं खाली ओढलं.

"तुझ्यावर माझा राग न्हाई," ती म्हणाली. "तुला कुणी इचारलं हुतं? पण तू समोर बसलीस की मला सगळं दिसतं. तेव्हा सारखी येत जाऊ नकोस." मुलीला तिनं मांडीवरून उतरवून माझ्याकडं दिलं आणि आत गेली. घंटा झाली होती.

आम्ही तेव्हा बदलून पुन्हा नगरात आलो होतो. घरी पोचले तर सासूबाई दारातच उभ्या. कुठं गेले होते हे त्यांना कळलं होतं. "तशीच आत येऊ नको," म्हणाल्या. "पोरीला घेऊन मागं जा. दोघींनी डोक्यावरून पाणी घ्या."

मागच्या अंगणात हंडा तापलेला होता. मुलगी थंडीनं कुडकुडत रडत होती. एवढ्यात मास्तर बाहेर आले. मला वाटलं, हे आता आईला म्हणतील की त्यात रोगाचं काही नाही, शास्त्रात तसं नाही. त्यांनी धोतर खोचलं, तांब्या हंड्यात बुडवला आणि पोरीच्या डोक्यावर धार धरली.

"साबण लाव," ते म्हणाले. "हातांना दोनदा लाव."